शोध, सापडेल

सर गेल्यावर करोल बागेतल्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली. स्टेजवर त्यांचा हसरा फोटो ठेवला होता. तो कुणी कुठून पैदा केला देव जाणे. फोटो काढणारा 'स्माइल' म्हणाला की सर मुद्दाम तोंड मिटून घेत. सांगितल्यावर हसणं म्हणजे खोटी साक्ष देणं, असं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्या वक्त्याने त्यांना अजातशत्रू ठरवलं. सर तिथे असते तर मधूनच उठून म्हणाले असते, "चूक. एकट्या आमच्या सोसायटीत अर्धा डझन निघतील." दुसरा म्हणाला, सरांच्या तोंडून कधी कुणाबद्दल वाकडा शब्द आला नाही. यावर मागच्या रांगांमध्ये खोकल्याची साथच आली.

मग तिसरा उठला. सरांचा विद्यार्थी, आता कुठल्याशा मंत्रालयात चांगल्या हुद्द्यावर. तो म्हणाला, "'सातव्या बांधापलीकडे'सारख्या दुर्लक्षित कादंबरीची ओळख आम्हाला सरांनीच करून दिली." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "फारच सुंदर आहे हो ती."

हल्ली मला खोट्याचा राग येत नाही, नुसता कंटाळा येतो. ती कादंबरी सुंदर नाही आणि वाईटही नाही, कारण ती नाहीच. कुणी कधी लिहिलेलीच नाही. सरांनी एका प्रश्नपत्रिकेसाठी ते नाव रचलं होतं, एवढाच तिचा जन्म. पुढे त्या नावाने सरांना सुखाने जगू दिलं नाही, हे त्या हॉलमध्ये बहुधा मला एकटीलाच ठाऊक होतं.

आमचा क्लास राजेंद्रनगरात एका दुसऱ्या मजल्यावर होता. महाराष्ट्रातून यूपीएससीसाठी दिल्लीत येणारी मुलं मराठी साहित्य हा ऐच्छिक विषय घेत. तो सर शिकवत आणि मी इतिहास. सर केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर फायलींचे अनुवाद केले. "तीस वर्षं सरकारचं खोटं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेलं, आता थोडं खरं शिकवतो," असं स्वतःच सांगायचे. राहायला फरीदाबादला. मीही तेव्हा तिथेच राहायचे, त्यामुळे सकाळची मेट्रो आम्ही बरोबर धरायचो. या योगाचं सुख मी शब्दांत सांगू शकणार नाही.

एकदा गाडी जेमतेम दिल्लीच्या वेशीवर पोचली असताना आमच्या शेजारी उभा असलेला एक तरुण फोनवर म्हणाला, "बस भाई, राजीव चौक उतर रहा हूँ. पाँच मिनट." सर शांतपणे त्याच्या फोनकडे वाकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अभी बदरपुर आया है जी!"

तो खवळला. "अंकल, आपको क्या प्रॉब्लम है?"

"मुझे कोई प्रॉब्लम नहीं," सर म्हणाले. "जो वहाँ धूप में खड़ा है, उसको होगी."

अख्खा डबा हसला आणि मी दारावरच्या मेट्रोच्या नकाशाकडे तोंड करून उभी राहिले. हे एकदा नाही, कितीदा झालं. एकाने तर त्यांची कॉलर धरली. मी सोडवायला गेले तर मलाच म्हणाले, "राहू द्या हो, इतिहास. निदान हा माणूस मनापासून वागतोय."

इतिहास म्हणजे मी. सर कुणालाच नावाने हाक मारत नसत. विद्यार्थ्यांना ते तालुक्याच्या नावाने हाक मारायचे: "काय अक्कलकुवा, झोप झाली का?" "अरे माजलगाव, जरा खिडकी उघड." नाव-आडनाव विचारलं की पोरं लगेच सावध होतात आणि मग जपून, सांभाळून बोलतात, तालुका विचारला की मोकळी होतात, हा त्यांचा अनुभव. मी दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये जन्मलेली आणि वाढलेली. "दिल्लीच्या माणसाला तालुका नसतो," असा निकाल देऊन त्यांनी मला माझा विषयच चिकटवला.

कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याचं अतिथिगृह आहे. आम्ही कधीमधी तिथल्या कँटीनला थालीपीठ खायला जायचो. दिल्लीतल्या मराठी माणसाची ती जुनी खोड आहे. वाढणाऱ्याने सहज विचारलं, "इथेच उतरलाय का?" की आमच्यातले बाकीचे तोंड भरून "हो, वरच्या मजल्यावर" म्हणायचे. कुणी न विचारताही खोलीचा नंबर सांगून टाकायचे. सर मात्र म्हणायचे, "नाही बुवा. नुसता खादाडीला आलोय." गंमत म्हणजे पहिलं गरम थालीपीठ नेहमी त्यांच्याच ताटात पडायचं.

त्यांचा एक सिद्धांत होता. खोटं बोलणाऱ्यापेक्षा विचारणारा जास्त दोषी. भाजीवाल्याला ते कधी "ताजी है?" असं विचारत नसत. "तो बिचारा काय सांगणार? तुम्ही त्याला खोटं बोलायला लावता आणि वर त्यालाच लबाड म्हणता." म्हणून घरी कुणी पाहुणा आला तर जेवण कसं झालंय हेही विचारायचे नाहीत. त्यांच्या बायकोने एकदा मला सांगितलं, "लग्नानंतर मी कशी दिसते, एवढं तरी विचारावं असं वाटायचं मला. पण आमच्या घरात प्रश्नच बंद."

आमच्याकडे दर रविवारी मुलांची सराव परीक्षा असे. सर पहाऱ्याला बसले की खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत. क्लासच्या मालकाने हरकत घेतली तेव्हा म्हणाले, "चोरायचं तर माझ्या पाठीमागे चोरू देत. जन्मभर ही पाठ आठवेल त्यांना." कितपत आठवली कुणास ठाऊक. पण त्यांचा खरा राग कॉपीवर नव्हताच. "चिठ्ठी ही फार नंतरची चोरी," ते सांगत. "न वाचलेल्या पुस्तकाबद्दल माणूस पहिल्यांदा मत देतो ना, तिथे तो चोर होतो. पुढचं सगळं नुसतं सरावाने येतं."

आणि तशी मतं तर ढिगाने येत. नेमलेली पुस्तकं मुलं घासूनपुसून करत, पण साहित्यप्रवाहांच्या पेपरात बाहेरच्या कादंबऱ्यांची नावं टाकावी लागतात. ती कुणी वाचत नसे. राजेंद्रनगरातल्या झेरॉक्सच्या दुकानांत तयार नोट्स मिळत आणि त्यातली वाक्यं एका पेपरातून दुसऱ्या पेपरात सुखाने नांदत. प्रत्येक कादंबरीत 'विदारक वास्तव' आणि प्रत्येक नायिकेची 'घुसमट'. पेपर तपासता तपासता सर चष्मा काढून डोळे चोळत बसायचे.

अशाच एका रविवारी त्यांनी तो प्रश्न घातला. "'सातव्या बांधापलीकडे' या कादंबरीत निसर्ग ही केवळ पार्श्वभूमी नसून ते एक पात्र आहे. चर्चा करा." मलाही त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, असेल एखादी.

संध्याकाळी खाली चहाच्या टपरीवर मुलांची चर्चा रंगली होती. "मस्त क्वेश्चन आला यार!" "मी ना, ओढ्याचं प्रतीक घेतलं." "मी नायिकेची घुसमट निसर्गाशी जोडली." एकाने तर प्रश्नातलं विधान खोडून काढलं होतं, निसर्ग शेवटपर्यंत पार्श्वभूमीच राहतो म्हणून.

त्या घोळक्याच्या कडेला रिसोड उभी होती. रिसोडकडची ही मुलगी. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. वर्गात हात वर करून "सर, समजलं नाही" म्हणणारी ती एकटीच, आणि सर अशा वेळी चिडायचे नाहीत, उलट पहिल्यापासून सांगायचे. ती पूर्वपरीक्षा पास झाली होती. मुख्य परीक्षा तोंडावर आली होती, आणि वयाच्या हिशेबात हा तिचा शेवटचा प्रयत्न होता. यंदा नाही तर कधीच नाही.

त्या आठवड्यात सर फार खुशीत होते. जिना चढताना शीळ घालायचे. मेट्रोत दोघं जण फोनवर धडधडीत खोटं बोलले, तरी त्यांना सोडून दिलं. मला कारण कळेना.

बुधवारी मी आणि सर डबा खात असताना ती आमच्या खोलीच्या दारात आली.

"सर, एक विचारू?"

"विचार की, रिसोड."

"ते सातव्या बांधापलीकडे कुठं भेटेल? सगळ्यांनी वाचलेली दिसते. मीच राहिले. मी तर नावपण ऐकलं नव्हतं."

सरांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. ते मी पाहिलं. पेपरांवरची चर्चा पुढच्या रविवारी व्हायची होती, आणि त्यांना त्यांचा रविवार आधीच वाया घालवायचा नव्हता.

"शोध," ते म्हणाले, "सापडेल."

ती 'बरं सर' म्हणून गेली. सरांनी डब्यातला शेवटचा घास संपवला आणि पुन्हा शीळ घातली.

ती शोधायला गेली. हे सगळं आम्हाला नंतर तिच्या खोलीतल्या मैत्रिणीकडून कळलं. पहिल्यांदा तिने त्या मैत्रिणीलाच विचारलं. मैत्रिणीने या प्रश्नावर चार पानं लिहिली होती, त्यामुळे "वाचलीय ना, पण माझी कॉपी गावी राहिली" असं सांगण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. मग रिसोड एका मराठी वाचनालयात गेली. तिथल्या गृहस्थांनी कपाटाकडे न बघता सांगितलं, "होती बहुतेक. कुणीतरी नेलीय." दरियागंजच्या पुस्तकवाल्याने सांगितलं, "आउट ऑफ़ प्रिंट है मैडम. ऑर्डर पे मँगवा देंगे." कुणाचं काही बिघडत नव्हतं. असं बोलायची आपल्याला सवयच आहे. "मला माहीत नाही" एवढं वाक्य या शहरात कुणी तिला म्हटलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

रविवारी सर कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. मलाही वर्गात येऊन बसायला सांगितलं. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात 'सातव्या बांधापलीकडे' असं लिहिलं आणि वळून म्हणाले, "अशी कादंबरी नाही. मी ती आंघोळ करताना तयार केली."

सगळा वर्ग हसत सुटला. पोरं लाजून एकमेकांना ढोसू लागली. "सर, क्या यार!" मागून कुणीतरी ओरडलं. सरांनी हात वर केला.

"या वर्गात एकच माणूस खरं बोलला. एका ओळीत. 'ही कादंबरी मी वाचलेली नाही.' तिला मी पैकीच्या पैकी दिलेत. रिसोड, ऊठ. जरा बघू दे यांना."

कुणी उठलं नाही. तिची मैत्रीण खाली बघत म्हणाली, "सर, ती काल गावी गेली. सामान घेऊन. म्हणाली, सगळ्यांना माहीत असलेलं साधं पुस्तक मला माहीत नाही, तर मी कशाला बसू परीक्षेला."

सर उभे होते ते हळूच खुर्चीत बसले. त्या दिवशी खुर्ची वर्गाकडे तोंड करून होती, त्यामुळे सगळ्यांना त्यांचा चेहरा दिसला. मला तो अजून दिसतो.

तिचा दिल्लीचा नंबर बंद लागत होता. ऑफिसातून वडिलांचा नंबर काढून सरांनी फोन केला. सगळं सविस्तर सांगितलं, अशी कादंबरी नाही, तुमची पोरगी वर्गात एकटी खरी निघाली, तिला लगेच परत पाठवा. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही तिची समजूत काढायला असं बोलताय, ते कळतं मला. मीही शिक्षक आहे. नापास पोराला आपण असंच काहीबाही सांगतो. पण आता तिच्यापुढं दिल्लीचं नाव नको." त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. जन्मभर खरं बोललेल्या माणसाचं नेमकं हेच खरं कुणाला पटलं नाही. मुख्य परीक्षा आली आणि गेली.

"इतिहास," सर मला एकदा परतीच्या मेट्रोत म्हणाले, "मी प्रश्न विचारला. विचारणारा जास्त दोषी."

"सर, तुमचा हेतू चांगला होता."

"ते सोडा. ती बुधवारी समोर येऊन उभी राहिली तेव्हा मी काय म्हणालो, आठवतं ना तुम्हाला?"

मला आठवत होतं. मला त्यांची दया आली आणि थोडा रागही आला, आणि हे दोन्ही त्यांना कळलं असावं.

कादंबरी मात्र जोरात होती. त्या रविवारची चांगली उत्तरं चर्चेआधीच झेरॉक्सच्या दुकानांत पोचली होती. सर दुकानादुकानांत जाऊन विनवण्या करत, ती नोट काढून टाका म्हणून. दुकानदार म्हणायचा, "सर जी, आप कहते हो किताब नहीं है. बच्चे कहते हैं नोट्स दो. मैं किसकी सुनूँ?" पुढे कुणीतरी कादंबरीला लेखक मिळवून दिला. मग त्या लेखकाला उपेक्षित जीवन मिळालं. प्रत्येक नव्या बॅचला सर पहिल्याच तासाला सांगत, "'सातव्या बांधापलीकडे' ही कादंबरी अस्तित्वात नाही." मुलं ते वहीत उतरवून घेत. एकाने तर विचारलं, "सर, हे किती मार्कांना येऊ शकतं?" शोकसभेतला तो मोठा अधिकारी अशाच एका बॅचचा.

त्याच तासाला सर आणखी एक गोष्ट विचारत: "रिसोडकडचं कुणी आहे का?" वर्षं गेली. सरांचे कान गेले, शीळ तर केव्हाच गेली होती. मेट्रोतही ते गप्प असायचे. लोकांना खोटं बोलायला मोकळं रान मिळालं आणि मला बसायला जागा मिळाली तर मी झोपायचे.

मग एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "मी सर. रिसोडची."

"तिकडे मराठी कोण शिकवतं?"

"आमच्या मॅडम. स्पर्धा परीक्षेचा क्लास आहे त्यांचा, फक्त मुलींचा. त्या पण दिल्लीत होत्या, सर. तुमच्याकडेच."

तास संपल्यावर सर मला हाताला धरून खोलीत घेऊन गेले आणि दार लावलं. त्या मुलीकडून घेतलेला नंबर मी लावला. त्यांना नीट ऐकू येत नसल्याने स्पीकर चालू ठेवला.

"रिसोड?" ते म्हणाले.

पलीकडून आवाज आला, "सर? अगं बाई, सर, तुम्ही?" त्या आवाजातला आनंद खरा होता, शंभर टक्के खरा. मागे मुलींचा गलबला ऐकू येत होता. "ए, गप्प बसा गं, दिल्लीहून माझ्या सरांचा फोन आहे!"

सरांनी घसा साफ केला. "मला तुला एक सांगायचंय. फार दिवस राहिलंय. ती कादंबरी..."

"सापडली सर!" ती म्हणाली.

सर थांबले.

"तुम्ही म्हणाला होता ना, शोध, सापडेल? तेव्हा नाही सापडली. नंतर अकोल्याला एका जुन्या पुस्तकवाल्याकडे सापडली बघा. वाचून काढली. आता ह्या पोरींनापण शिकवते. त्यांना सांगते, आमच्या सरांनी आम्हाला पुस्तकासाठी गावभर हिंडायला लावलं होतं."

मी सरांकडे पाहिलं. अख्ख्या वर्गात एकटी खरं लिहिणारी मुलगी, आणि ती इतक्या सहज, इतक्या मायेने हे बोलत होती. आम्हीच तिला हे शिकवून पाठवलं होतं. मला वाटलं, आता सर वाकतील आणि खणखणीत आवाजात सांगतील, अभी बदरपुर आया है जी. त्यांनी तोंड उघडलंही. मागे मुली पुन्हा कशावर तरी हसल्या, आणि सरांनी तोंड मिटलं.

मग ज्या माणसाने आयुष्यात भाजीवाल्यालाही 'ताजी है?' असं विचारलं नाही, त्याने विचारलं, "कशी वाटली?"

"छान आहे, सर. शेवटी रडू आलं मला."

"मलाही," सर म्हणाले.

आणखी थोडं बोलणं झालं. प्रकृती, हवा, वडील आता निवृत्त झालेत वगैरे. फोन बंद केल्यावर मी म्हटलं, "सर, सांगितलं का नाहीत?"

"पोरी समोर बसल्या होत्या हो तिच्या," ते म्हणाले, आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसावा तसा शर्टाच्या टोकाने किती तरी वेळ पुसत बसले.

मी त्यांना दोनदाच खोटं बोलताना ऐकलं, आणि दोन्ही वेळा एकाच मुलीशी. पण दुसऱ्या वेळचं खोटं मी त्यांच्या खात्यावर धरत नाही. चष्मा काढल्यावर त्यांचे डोळे मी पाहिले होते. शेवटाला त्यांना खरोखरच रडू आलं होतं.